स्थिर क्रमचयाचा मास्क कंपायलरमध्ये कसा साठवावा

दोन व्हेक्टरांतील (म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या दोन रांगांतील) घटक निवडून तिसरा व्हेक्टर घडवण्याची क्रिया कंपायलरमधील कोड सुधारणाऱ्या ऑप्टिमायझरच्या मधल्या टप्प्यात सतत येते, आणि कोणता घटक कुठून उचलायचा हे बहुतेक वेळा कंपाइल करतानाच ठाऊक असते. असा स्थिर क्रमचय कोणत्या रूपात साठवावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण इथे चुकीची निवड झाली की पुढचे सगळे टप्पे तिची किंमत मोजत राहतात.

गोव्यातील फोंड्यात रविवारी भरणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गात मी या विषयाची सुरुवात धालो या बायकांच्या लोकनृत्याच्या मांडावरून करतो, कारण पौषातल्या चांदण्या रात्री समोरासमोर उभ्या राहिलेल्या बायकांच्या दोन रांगा तिथल्या बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात. प्रत्येक रांगेत आठजणी आहेत असे धरा. पहिल्या रांगेला ० ते ७ आणि दुसऱ्या रांगेला ८ ते १५ असे क्रमांक द्या. आता एक या रांगेतली, एक त्या रांगेतली अशी आळीपाळीने आठजणींची नवी रांग करायची असेल, तर ती अशी लिहिता येते:

० ८ १ ९ २ १० ३ ११

आकड्यांचा हा क्रम म्हणजेच मास्क. एकच बाई नव्या रांगेत दोन ठिकाणी उभी राहू शकत नाही, व्हेक्टरचा घटक मात्र हवा तितक्या ठिकाणी येऊ शकतो. म्हणजे गणिताच्या काटेकोर अर्थाने हा क्रमचय नव्हे, तरी कंपायलरच्या कामात हेच नाव रूढ आहे.

पहिला नियम असा की मास्क हा पूर्णांकांचा क्रम म्हणून साठवावा, व्हेक्टर प्रकारातील स्थिरांक म्हणून नव्हे. इन्स्ट्रक्शनला (प्रोसेसरच्या आज्ञेला) शेवटी रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या साठवणजागेत, मास्क लागतो, म्हणून तो आरंभापासून त्याच रूपात ठेवावा असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि माझ्या स्वतःच्या प्रायोगिक कंपायलरमध्ये मी तेच केले होते. बाइटच्या व्हेक्टरसाठी मास्कचे घटकही आठ बिटांचे होते. १२८ पासून १०२४ बिटांपर्यंतच्या सगळ्या चाचण्या बिनतक्रार पार पडल्या, कारण १०२४ बिटांत १२८ बाइट मावतात आणि दोन व्हेक्टर मिळून क्रमांक २५५ च्या पुढे जात नाहीत. २०४८ बिटांवर मात्र एका व्हेक्टरमध्ये २५६ बाइट झाले, आळीपाळीचा मास्क ० २५६ १ २५७ असा व्हायला हवा होता, आणि आठ बिटांत तो ० ० १ १ असा साठला. दुसरा व्हेक्टर उत्तरातून पूर्णपणे नाहीसा झाला, आणि कंपायलरने कुठेही इशारा दिला नाही. आर्म प्रोसेसरांचा एसव्हीई हा व्हेक्टर-विस्तार, जो २०१६ मध्ये जाहीर झाला, १२८ ते २०४८ बिटांपर्यंतची लांबी मान्य करतो. तेव्हा ही अडचण केवळ कागदावरची नाही.

मोठ्या कंपायलरांनीही हीच वाट धरली आहे. २०१८ च्या जीसीसी ८ मध्ये स्थिर मास्कसाठी वेगळी रचना आली, जिच्यातील क्रमांकांची रुंदी व्हेक्टरच्या घटकांच्या रुंदीशी बांधलेली नाही. एलएलव्हीएमच्या शफलव्हेक्टर इन्स्ट्रक्शनमध्ये मास्क पूर्वी स्थिर व्हेक्टर असलेला एक ऑपरंड (इन्स्ट्रक्शनला दिले जाणारे मूल्य) होता. २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून तो साध्या पूर्णांकांची यादी म्हणून आत साठवला जातो, आणि ज्या जागेच्या मूल्याची पर्वा नाही तिथे -१ लिहिला जातो. अशा बेपर्वा जागा शेवटपर्यंत जपून ठेवाव्यात, त्या लगेच ० ने भरू नयेत, कारण लक्ष्य प्रोसेसरवरील एखादे स्वस्त इन्स्ट्रक्शन नेमके त्या मोकळ्या जागांमुळेच जुळते.

दुसरा मुद्दा लांबीचा आहे, आणि सगळ्यांत जास्त विचार इथेच करावा लागतो. एसव्हीईसाठी कोड तयार करताना व्हेक्टरमध्ये किती घटक असतील हे कंपायलरला माहीत नसते, त्यामुळे मास्क पूर्ण लिहून काढणे शक्यच नसते. अशा वेळी आकडे साठवण्याऐवजी आकड्यांचा नियम साठवावा. जीसीसीने निवडलेली पद्धत मला आजवर पाहिलेल्या पद्धतींत सर्वांत समर्पक वाटते. तिच्यात मास्क म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या काही मालिका असतात, आणि प्रत्येक मालिकेसाठी एक, दोन किंवा तीन आकडे नोंदवले जातात. एकच आकडा असेल तर तोच सतत येतो. दोन असतील तर पहिला एकदा येतो आणि पुढे दुसरा सतत येत राहतो. तीन असतील तर पहिला आकडा कोणताही असू शकतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यातील फरकाने मालिका पुढे सरकत राहते.

घटकांची संख्या ‘न’ या अक्षराने दाखवली, तर वरचा आळीपाळीचा मास्क दोन मालिकांत बसतो: पहिली ०, १, २ आणि दुसरी न, न+१, न+२. गुंफून लिहिल्यावर ०, न, १, न+१, २, न+२ असे फक्त सहा आकडे साठवावे लागतात, मग न ८ असो वा २५६. व्हेक्टर उलटा करण्यासाठी न-१, न-२, न-३ ही एकच मालिका पुरते, समक्रमांकाचे घटक उचलण्यासाठी ०, २, ४ पुरते, आणि पहिला घटक सर्वत्र पसरवण्यासाठी केवळ ० पुरतो. लांबी निश्चित असेल आणि मास्कमध्ये काहीच शिस्त नसेल, तर जितके घटक तितक्या मालिका आणि प्रत्येकीत एक आकडा असे मानावे. म्हणजे दोन्ही प्रकारच्या व्हेक्टरांना एकच रचना लागू पडते आणि दोन वेगळे कोड सांभाळावे लागत नाहीत. मात्र स्थिर ऑपरंडांवर असा मास्क आधीच चालवून उत्तर काढायचे असेल, तर प्रत्येक मालिका एकाच ऑपरंडच्या हद्दीत राहते हे तपासावे लागते. ०, २, ४ ही मालिका न च्या पुढे जाऊन दुसऱ्या व्हेक्टरमध्ये शिरते. ती कुठे शिरेल हे लांबी कळल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून तिथे घडी घालण्याचा, म्हणजे उत्तर कंपाइल करतानाच काढून टाकण्याचा, मोह सोडून द्यावा.

यानंतर प्रमाणरूप. एकच अर्थ असलेले दोन मास्क दोन तऱ्हांनी लिहिलेले राहिले, तर समान उपपदे (पुन्हा आलेली तीच आकडेमोड) ओळखणारा टप्पा त्यांना वेगळे समजतो. पहिला निश्चित क्रमांक दुसऱ्या व्हेक्टरमधला असेल तर ऑपरंडांची अदलाबदल करावी: ८ ० ९ १ १० २ ११ ३ याचे ० ८ १ ९ २ १० ३ ११ होते, आणि हे आर्मचे झिप१, म्हणजे आळीपाळीने गुंफणारे इन्स्ट्रक्शन, आहे हे लगेच ओळखू येते. दोन्ही ऑपरंड एकच असतील तर सर्व क्रमांक न च्या आत आणावेत. लगतच्या जोड्या सम क्रमांकापासून सुरू होत असतील तर घटक दुप्पट रुंद करून पाहावे; ० १ ८ ९ २ ३ १० ११ हा आठ घटकांचा मास्क चार घटकांवर ० ४ १ ५ इतका सोपा होतो.

एकापाठोपाठ येणारे दोन क्रमचय एकत्र करणे या रूपात अगदी सरळ आहे: बाहेरच्या मास्कमधील क्रमांक घ्यावा आणि आतल्या मास्कमध्ये त्या जागी काय आहे ते लिहावे. आळीपाळीने गुंफून नंतर उलटे केले, तर ११ ३ १० २ ९ १ ८ ० मिळते, आणि प्रमाणरूपात ३ ११ २ १० १ ९ ० ८. पण इथे हात आवरावा लागतो. एसव्हीईवर झिप१ आणि रेव्ह (उलटे करणारे) ही दोन स्वस्त इन्स्ट्रक्शने आधीच पुरेशी होती. एकत्र केलेल्या मास्कसाठी दोन व्हेक्टरांतून शोधणारे टीबीएल लागेल, जे एसव्हीई२ या पुढच्या आवृत्तीतच आले, आणि त्यासाठी मास्कही रजिस्टरमध्ये तयार करावा लागेल. म्हणून नवा मास्क लक्ष्य प्रोसेसरला झेपतो का, हे विचारल्याशिवाय जुने दोन कधीही मोडू नयेत.

मास्कला खरे व्हेक्टर-रूप देण्याची वेळ अगदी शेवटी, इन्स्ट्रक्शन निवडताना येते, आणि तिथे हद्दीबाहेरच्या क्रमांकांचे वर्तन प्रत्येक प्रोसेसरवर निराळे असते. इंटेलचे बाइटची फेरमांडणी करणारे २००६ सालचे पीशफबी मास्कच्या बाइटमधील सर्वांत वरचा बिट १ असेल तर ० देते आणि एरवी खालचे चार बिट पाहते. पॉवरपीसी प्रोसेसरांवरील अल्टिव्हेक विस्ताराचे व्हीपर्म खालचे पाच बिट पाहते आणि बाकीचे सोडून देते. आर्मचे टीबीएल हद्दीबाहेर गेल्यावर ० देते. इंटेलच्या एव्हीएक्स२ विस्तारामध्ये २५६ बिटांचे तेच पीशफबी १२८ बिटांच्या दोन भागांत स्वतंत्रपणे काम करते आणि एका भागातला बाइट दुसऱ्या भागात नेत नाही. मधल्या टप्प्यातील मास्क आधीच ० ते २न-१ या हद्दीत आणलेला असेल, तर यांपैकी कोणत्याही फरकाचा उपद्रव वर पोचत नाही.

चाचणीसाठी एक साधी युक्ती पुरते. पहिल्या व्हेक्टरमध्ये ० ते न-१ आणि दुसऱ्यामध्ये न ते २न-१ ही मूल्ये भरावीत. मग उत्तराचा व्हेक्टर मास्कशी अक्षरशः जुळला पाहिजे. बाइटच्या व्हेक्टरमध्ये २५५ पुढचे मूल्य मावत नसल्याने तिथे ही चाचणी दोनदा चालवावी, एकदा क्रमांकांचे खालचे आठ बिट भरून आणि एकदा वरचे बिट भरून, नाहीतर २०४८ बिटांवरची माझी ती चूक याही चाळणीतून निसटते.