मोदकामुळे जाड अक्षराच्या नादी लागले, त्याचा अनुभव

अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा गणपतीच्या एका बॅनरवर मोदक हा फाँट पहिल्यांदा नीट बघितला. गुबगुबीत फुगलेली अक्षरं, आत दोऱ्याएवढी पांढरी रेघ, आणि तरी रस्त्याच्या पलीकडून सगळं वाचता येत होतं. घरी येऊन शोधलं तर कळलं की मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी केलाय, त्यातली देवनागरी सारंग कुलकर्णींची, आणि गूगल फाँट्सवर फुकट मिळतो. तेव्हाच ठरवलं की असलं काहीतरी आपणही करायचं, त्यात पुढची दीड वर्षं गेली. हल्ली ज्युनिअर मुलं विचारतात की डिस्प्ले फाँट, म्हणजे बॅनर-टायटलसारख्या मोठ्या अक्षरांसाठीचा फाँट करायचाय तर सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितेय.

माझी सुरुवात चुकीची झाली. एक साधा फाँट घेतला आणि सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांची आउटलाइन, म्हणजे कडेची रेघ, बाहेर ढकलून जाड केला. रोमन एच असा जाड केला तर निदान ओळखू तरी येतो, पण आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार, मध्ये ष्ट्र आणि द्ध सारखी एकावर एक चढलेली जोडाक्षरं, आणि हे सगळं तेवढ्याच उंचीत बसवायचं. क ची गाठ बुजली, ष चा प झाला, ब चा व झाला.

सरांनी कॉम्प्युटर बंद करायला लावला. म्हणाले, आधी अक्षराच्या आकाराचा नुसता काळा गोळा रंगव आणि मग पांढऱ्या पोस्टर कलरने त्यातून अक्षर उघड. दोन महिने हेच केलं, कंटाळा आला, रडूही आलं, पण हात तिथेच बसला. पांढरी रेघ सगळीकडे सारख्या जाडीची काढली तरी सारखी दिसत नाही, ब च्या पोटातली छोटी तिरकी रेघ आजूबाजूच्या काळ्यात गिळली जाते म्हणून ती थोडी रुंद लागते, तीन फटकारे एकत्र येतात तिथे काळा डाग पडतो म्हणून आडव्या रेघा उभ्यांपेक्षा बारीक ठेवाव्या लागतात. माझ्या फाँटमध्ये १००० युनिटच्या चौकटीत उभा दंड २३० आहे, शिरोरेषा १३० आणि आतली पांढरी फट फक्त २२.

आता या २२ चा हिशोब करून बघा, मी तो उशिरा केला. ७२ पॉइंटला, म्हणजे ती चौकट साधारण अडीच सेंटिमीटरची असताना, ही फट साधारण अर्धा मिलिमीटर होते, छान दिसते. १२ पॉइंटला ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी, म्हणजे साध्या कागदावर शाई पसरली की संपली. आमच्या गल्लीतल्या मंडळाने कार्यक्रमपत्रिकेत देणगीदारांची नावं माझ्याच फाँटमध्ये लहान अक्षरात लावली आणि धुमाळांचे घुमाळ झाले, भोसल्यांचे मोसले. ध आणि भ ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, ती फट मी फारच छोटी ठेवली होती. लोकांचं आडनाव आपल्या हातून बिघडलं याचं मला फार वाईट वाटलं, त्या रात्री बसून ध, भ, थ तिन्ही परत काढले. तेव्हापासून प्रत्येक अक्षर भिंतीएवढं आणि नखाएवढं, दोन्ही साइझला प्रिंट काढून बघते.

क्रम विचाराल तर अ, क, ग, प, भ, र, ळ, ह एवढी आधी पक्की करा, बाकीची बरीचशी यांच्या तुकड्यांतून निघतात. पहिली वेलांटी एक काढून भागत नाही, र वरची वेगळी, क वरची वेगळी, क्ष वरची आणखी लांब. आणि मराठीसाठी करताय तर देठाचा श, पाकळीचा ल, ॲ आणि अर्धचंद्रासारखा ऱ विसरूच नका, दर्या आणि दऱ्या यात फरक दिसलाच पाहिजे. फाँटमध्ये श आणि ल ची दोन्ही रूपं असली तरी सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडल्याशिवाय बऱ्याचदा हिंदीचीच येतात, हे वापरणाऱ्याला सांगावं लागतं.

वापरणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी सांगा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळी फार जवळ आणू नका, वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. खालच्या मजकुराला मुक्तासारखा साधा फाँट घ्या.

फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ग्लिफ्स चांगलं पण फक्त मॅकवर चालतं आणि विकत घ्यावं लागतं, फाँटफोर्ज फुकट आहे, मी त्यावरच शिकले. शिकायला मोदक त्यात उघडून अक्षरांच्या कडेवरचे पॉइंट्स कुठे ठेवलेत ते जरूर बघा, लायसन्स ओपन आहे म्हणून बदलूनही बघता येतं, पण बदललेला फाँट त्याच लायसन्सखाली ठेवावा लागतो आणि नुसता फाँट म्हणून विकता येत नाही.

कामाचं खरं सांगते, फाँट करून लगेच पैसे येत नाहीत. मला पहिले पैसे मिळाले ते टायटलच्या लेटरिंगचे, म्हणजे एकाच नावासाठी हाताने काढलेल्या अक्षरांचे. अक्षरकार कमल शेडग्यांनी केलेली मराठी नाटकांची टायटलं जमवा आणि गिरवा, नाटक विनोदी की गंभीर हे अक्षरच सांगतं, जाड अक्षराला स्वभाव कसा द्यायचा ते तिथे कळतं. पुढे शिकायचं असेल तर सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात एम डेसला, म्हणजे डिझाइनच्या मास्टर्सला जाता येतं. आणि फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना अक्षरं आउटलाइन करूनच, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराचे नुसते आकार करूनच द्या, बऱ्याच दुकानांत अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात आणि तुमची जोडाक्षरं तिथे सुटी होतात.

माझा अजून ङ राहिलाय. वाङ्मय लिहिलं की त्याचं टिंब आणि म एकमेकांवर चढतात, आज सकाळपासून तेच चाललंय.