मिक्सिंगसाठी हेडफोन घेताय? आधी ए-२ हा खालचा सूर वाजवून बघा

खोक्यावर 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेला हेडफोन मिक्सिंगसाठी, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज एकमेकांत नीट बसवण्यासाठी, घेऊ नका. गेमिंगचाही नको. त्यात बेस मुळातच फुगवलेला असतो. गाण्यात तो जास्त वाटतो म्हणून तुम्ही ईक्यूवर (पट्टीनुसार आवाज कमी-जास्त करायचं साधन) कापता, आणि तेच गाणं वरातीच्या टेम्पोवर चढलं की किक (ड्रमचा खालचा ठोका) पोकळ निघते. डीजेवाला म्हणणार, "भाऊ, गाण्यात दमच नाही की!" वरच्या पट्टीचं पण तसंच. हेडफोन टोचणारा असला की तुम्ही हाय-हॅट (ड्रमची छोटी झांज) आणि हलगीची धार कमी करत जाता, मग बाहेर हलगी पोत्यात गुंडाळल्यागत वाजते.

मी लातूरला औसा रोडच्या बाजूला राहतो. वरच्या मजल्यावर नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं भाड्यानं आहेत, शेजारी मेस आहे. इथं स्पीकरवर किक जमवत बसलो तर घरमालकच खोली खाली करायला सांगेल. त्यामुळे १४ एप्रिलची कामं असोत की गणपतीची, माझं सगळं मिक्सिंग हेडफोनवर होतं. खाली लिहितोय ते अशाच खोलीत बसणाऱ्यांसाठी.

पहिला प्रश्न ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक. क्लोज्ड-बॅकची वाटी मागून बंद असते. ओपन-बॅकची मागून जाळीची असते, आवाज मोकळा आणि पसरलेला येतो, कान तापत नाहीत. पुस्तकी सल्ला बहुतेक वेळा ओपन-बॅकचाच असतो. पण आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय बसता येत नाही, आणि जाळीतून कूलरची घरघर सरळ कानात येते. शिवाय बरेच ओपन-बॅक ५०-६० हर्ट्झच्या खाली हळूहळू ढिले पडतात. सेनहायझर एचडी ६०० गायकीसाठी आणि मधल्या पट्टीसाठी फार सुंदर आहे, पण सब-बेसवर (अगदी तळाचा बेस) चालणाऱ्या गाण्याला मी एकटा तो घेणार नाही. माझं मत क्लोज्ड-बॅककडे आहे. तोही कूलरचा खालचा आवाज पुरता अडवत नाही, म्हणून किक आणि बेस बसवताना दहा मिनिटं कूलर बंद ठेवायचा. घाम पुसायला टॉवेल जवळ असू द्या.

नावंच हवी असतील तर ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स हा मला सुरुवातीसाठी सगळ्यात बरा वाटतो. ३५ ओहमचा आहे (ओहम जास्त तितका वाजवायला जोर जास्त लागतो), लॅपटॉपवर नीट वाजतो, वायर काढता येते. एम५०एक्सची कीर्ती मोठी, पण त्याचा बेस थोडा चढा आहे. सोनी एमडीआर-७५०६ जुना आणि भरवशाचा, वरची पट्टी मात्र जरा कडक. उन्हाळ्याचा विचार केला तर बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, कारण ८० आणि २५० ओहमच्या मॉडेलला मखमली पॅड येतात, रेक्झिनसारखे चिकटत नाहीत. साधा लॅपटॉप असेल तर २५० ओहमचा घेऊ नका, आवाज मरतो. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) असेल तर ८० ओहम निवांत चालतो. त्याच कंपनीचा डीटी ९९० प्रो ओपन आहे आणि वर फार तडकतो. हलगी-संबळ वापरणाऱ्यानं त्यापासून लांब राहावं. ब्लूटूथचा तर विषयच नको. आवाज उशिरा येतो आणि दाबून येतो.

गावात असले हेडफोन दुकानात लावून बघायला मिळणं अवघड. मागवताना परत करण्याची मुदत बघा आणि पार्सल आल्या दिवशीच तपासा. नावाजलेल्या मॉडेलच्या फर्स्ट कॉपी बाजारात फिरतात, म्हणून भाव फारच कमी दिसला की सावध व्हा.

तपासायचं कसं? एफएल स्टुडिओ या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्री-एक्स-ऑस्क हा सिंथ उघडा, त्यातला एकच ऑसिलेटर (सूर काढणारा भाग) साइनवर, म्हणजे साध्या शुद्ध सुरावर, ठेवा, बाकीचे दोन बंद. एफएलच्या पियानो रोलमध्ये ए-२ म्हणजे ५५ हर्ट्झ, ई-२ म्हणजे साधारण ४१, सी-२ म्हणजे ३३ च्या आसपास. सी-३ पासून एकेक सूर खाली उतरत या. आवाज हळूहळू कमी होणारच, कारण आपला कानच तिथं कमी ऐकतो. बघायचं ते हे, की मधलाच एखादा सूर अचानक उसळतो का, आणि कुठं फरफर येते का. फरफर आली तर ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) गेलेला, परत पाठवा. सूर डोक्याच्या मधोमध राहायला हवा. डावीउजवीकडे सरकला तर दोन्ही बाजू सारख्या नाहीत. बारीक गुणगुण ऐकू आली तर हेडफोनला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. बहुतेक वेळा ती अर्थिंगची भानगड असते.

ए-२ चालू असतानाच दोन्ही वाट्या बोटांनी हलक्या दाबा. बेस वाढला? मग पॅड कानाभोवती नीट बसत नाही, हवा गळते आहे. चष्मेवाल्यांचं हे ठरलेलं दुखणं. काडी पॅडच्या खाली फट पाडते आणि क्लोज्ड-बॅकचा खालचा बेस तिथून निसटतो. बारीक काडीचा चष्मा घाला किंवा काम करताना काढून ठेवा. ओढणी, गमछा, लांब केस यांचंही तसंच. अशा फटीमुळे कितीतरी जण चांगल्या हेडफोनला बेस नाही म्हणून नावं ठेवतात.

घेतल्यावर आठवडाभर नवीन काही मिक्स करू नका. टेम्पोवर दणदणीत वाजलेली, तुमच्या ओळखीची गाणी त्यावर ऐका आणि त्यांची किक या हेडफोनवर किती जड लागते ते कानात बसवा. पुढं तुमचं गाणं त्यांच्या शेजारी लावताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, नाहीतर मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं.

हेडफोनवर एक फसवणूक कायम राहते. डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो, त्यामुळे स्टेरिओत पसरवलेला बेस भारी वाटतो. मिरवणुकीची सिस्टीम बऱ्याचदा मोनोत (डावा-उजवा एकत्र करून) चालते, आणि तिथं दोन्ही बाजूंना फेज, म्हणजे लहरीची दिशा, उलटी असलेला बेस एकमेकाला खाऊन टाकतो. एफएलच्या मिक्सरमधल्या मास्टरचा स्टेरिओ सेपरेशन नॉब 'मर्ज्ड'कडे पूर्ण फिरवून ऐका. बेस गायब झाला तर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करून टाका.

आवाज शेजारच्याशी बोलल्याइतकाच ठेवा. ८५ डेसिबल आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो.

पॅड दबून चपटे झाले किंवा त्यांचे पापुद्रे निघायला लागले की बेस बदलतो. कंपनीचेच पॅड मागवा. स्वस्तातले जाड पॅड लावले की हेडफोनचा सूरच पालटतो आणि कान पुन्हा पहिल्यापासून लावावे लागतात.