जुन्या गाडीची पेट्रोल टाकी: या चुका टाळा

पावसाळा सरला की आमच्या दारात टाक्या यायला लागतात. कुणाच्या आजोबांची येझदी खानापूरकडच्या गोठ्यातनं बाहेर निघते, कुणी निपाणीहून यामाहा आरएक्स 100 उचलून आणलेली असते, आणि पोरगं टाकी काखेत मारून उभं: "काका, आत थोडा गंज आहे, काढून द्या की." थोडा म्हणजे काय, तर मोबाइलचा उजेड आत मारला की विटेचा भुगा दिसतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या दोन्ही जुन्या गाड्या बनायच्या 1996 सालीच थांबल्या, लोखंडाला एवढ्या वर्षांत गंज यायचाच. तक्रार आहे ती माझ्याकडं येण्याआधी झालेल्या "दुरुस्ती"बद्दल. बेळगावच्या उद्यमबागेत पंचवीस वर्षं लेथवर उभा राहिलो, पत्र्याचं मला थोडं कळतं. दहातल्या सात टाक्यांत मला गंज कमी आणि आधीच्या माणसाची घाई जास्त निस्तरावी लागते.

अ‍ॅसिड ओतून झोपायला जाणं

ही सगळ्यात आवडती चूक. व्हिडिओत कुणीतरी संडास धुवायचं अ‍ॅसिड टाकीत ओततो, पाच मिनिटांत आतून चांदी चमकते, आणि आमचा हिरो बाटली आणायला हार्डवेअरच्या दुकानात पळतो. त्या अ‍ॅसिडला गंज आणि पत्रा यातला फरक कळत नाही. गंज संपला की ते पत्रा खायला लागतं. खालच्या शिवणीपाशी, जिथं वर्षानुवर्षं पाणी साचलेलं असतं, तिथं पत्रा आधीच कागदासारखा झालेला असतो आणि भोकं गंजानंच बुजलेली असतात. रात्रभर अ‍ॅसिड ठेवलं की सकाळी फरशीवर पिवळं डबकं. वर कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, काढलेला नसतो, म्हणजे जस्ताचा तो कॉकही आतून चघळून निघतो.

आणि समजा भोक पडलं नाही, तरी अ‍ॅसिड ओतून टाकून पाण्यानं खळखळून टाकी उन्हात ठेवतात. चहा पिऊन येईपर्यंत आत परत नारिंगी थर. मग म्हणतात, अ‍ॅसिड डुप्लिकेट होतं.

मी काय करतो ते सांगतो. आधी कॉक काढायचा, ते तोंड रबराचा तुकडा आणि पट्टी लावून बंद. मग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, दोन-तीनदा, कारण आत पेट्रोलचा चिकटा असेल तर पुढचं काही लागू पडत नाही. त्यानंतर किराणा दुकानात मिळतं ते लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. दहा-बारा लिटरच्या टाकीला किलोभर, कोमट पाण्यात विरघळवून काठोकाठ. काठोकाठच, कारण अर्धी भरली तर वरचा गंज तसाच राहतो. झाकण घट्ट लावायचं नाही, आत गॅस तयार होतो. एक दिवस ठेवायचं, मधे मधे बघायचं. गंज फारच जुना असेल तर पाणी बदलून आणखी एक दिवस. मग ओतून द्यायचं, लगेच खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं धुवायचं, लगेच हेअर ड्रायरनं सुकवायचं (बायकोचा आहे, विचारून घेतो), आणि गरम असतानाच पावशेर ऑइल घालून टाकी सगळ्या बाजूंनी फिरवायची. "लगेच" हा शब्द मी उगाच दोनदा लिहिलेला नाही. मधे फोन घेतलात तर पहिल्यापासून सुरुवात.

"दोन दिवस लागतात?" असं विचारणाऱ्याला मी टाकी परत देतो.

रिकामीच आहे म्हणून वेल्डिंगला देणं

हे वाचून एकाचा जरी हात थांबला तरी बास.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मावसभावाच्या राजदूतची टाकी खालून पाझरायला लागली होती. गाडी सहा महिने उभी, टाकी कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, थांब, रविवारी धुवून बघतो. त्याला शनिवारी गाडी हवी होती. हायवेच्या कडेला एका पत्र्याच्या शेडात तो घेऊन गेला, आणि मी नको नको म्हणत मागं. वेल्डरला मी विचारलं, आत पाणी भरणार ना? तो हसला. "एनू आगंगिल्लरी." काही होत नाही हो. आणि भाऊ मलाच म्हणतो, "काय घाबरूलालास, वास तरी येतोय काय?"

टाकी उलटी ठेवली, झाकण लावलेलं. ज्योत शिवणीला लागून दहा सेकंद झाली असतील. आवाज फटाक्यासारखा नव्हता, दाराची फळी जोरात आदळावी तसा होता. झाकण सुटून शेडच्या छपराला लागलं, तिथं पोचा पडला. टाकी भोपळ्यासारखी फुगली, खालची खोबण, जी गाडीच्या नळीवर बसते, ती सपाट होऊन बाहेर आली. वेल्डर ज्या बाजूला उभा होता त्याच्या विरुद्ध बाजूची शिवण फाटली, म्हणून त्याच्या फक्त भुवया गेल्या. तो खाली बसला आणि बराच वेळ हाताकडं बघत राहिला. भाऊ काही बोलला नाही.

वास येत नव्हता हे खरं. पण गंजाच्या थरात आणि शिवणीच्या दुमडीत पेट्रोल मुरलेलं असतं, ज्योतीनं पत्रा तापला की त्याची वाफ होते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की भडका उडायला तेवढी पुरते. भरलेल्या टाकीत हवाच नसते. रिकामीत दोन्ही असतात, वाफही आणि हवाही. ती जास्त वाईट.

मी बारीक भोकाला वेल्डिंग करतच नाही. टाकी सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायची, कॉक आणि झाकण दोन्ही काढायचे, भोक वर येईल अशी कलती ठेवायची, जे तोंड पाण्याखाली जाईल ते रबरानं बंद करायचं, वरचं उघडंच ठेवायचं आणि भोकाच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरायचं. मग पत्रा घासून कथलाचा डाख. ज्योत टाकीजवळ आणायचीच नाही, तांब्याचा ठोकळा लांब तापवून आणायचा. भांड्यांना डाख लावणारे जुने कारागीर अजून दोन-चार आहेत, त्यांच्याकडं जा. पत्रा हातभर गेला असेल तर मात्र दुसरी टाकी शोधा.

उरलेल्या

मळून लावायच्या सीलवर रंग मारून टाकी विकणारे भेटतील. पेट्रोलनं ते सील फुगतं, सुटतं. वाटेत अडकलात तर भोकावर धुण्याचा साबण दाबून घासा, घरापर्यंत पोचवतो. एवढा एकच शॉर्टकट मला मान्य.

आतून कोटिंग ओतायचं असेल तर गंज आणि तेल पूर्ण गेल्यावरच. नाहीतर वर्षभरात त्याचे पापुद्रे कॉकच्या जाळीत.

जाळी गच्च होते म्हणून जाळीच काढून टाकणारे महाभाग आहेत. त्यांच्याशी बोलत नाही.

झाकणाचं बारीक भोक रंगानं बुजवणं. टाकी रंगवून आणलेला एक पोरगा चोर्ला घाट चढताना दर आठ-दहा किलोमीटरला बंद पडत होता. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. जांबोटीपर्यंत येऊन त्यानं तिथल्या तिथं कार्ब्युरेटर खोलला, दोनदा. मी झाकण उघडलं, "फुस्स" झालं, खिशातली सुई घातली, गाडी गेली. हवा आत आली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं?

पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी काठोकाठ भरा, असं आम्हीच सांगायचो. साध्या पेट्रोलला ते बरोबर होतं. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आपल्याच शिवारातला ऊस, त्याबद्दल बोलायचं नाही, पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की ते दोघं पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात. कणकुंबीकडच्या पावसात चार महिने गाडी उभी राहणार असेल तर मी टाकी रिकामी करून आतून ऑइल फिरवतो. येझदीवाले यात नशीबवान, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असल्यामुळं त्यांच्या टाक्या आतून बऱ्या निघतात.

आणि गंज खरवडायला आत नट टाकून हलवणार असाल तर मोजून टाका. मोजून काढा. माझ्या स्वतःच्या टाकीत मी चाळीस टाकले आणि एकोणचाळीस काढले. खोबणीच्या कडेला कुठंतरी बसलाय. डावीकडच्या वळणावर ऐकू येतो.