जपानी घरात राहून शिकायचंय? आधी जेवणाचं पत्र लिहा

जपानला शिकायला निघालेल्यांची तयारी बहुतेक वेळा व्हिसा, फी आणि बॅगेचं वजन इथेच संपते. वसतिगृहात राहणार असाल तर तेवढं पुरतं. पण होमस्टे असेल, म्हणजे एखाद्या जपानी कुटुंबात राहणार असाल, तर खरी परीक्षा स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात असते. ओकायामात वर्षभर अशा घरात राहून आले, तेव्हापासून पुण्याहून निघणाऱ्या मुलामुलींना मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

१. कागदपत्रं

हे पटकन उरकू. जपानमधली शाळा तुमच्या नावे ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ काढते. सगळे त्याला सीओईच म्हणतात. ते हाती आलं की व्हिसाचा अर्ज करायचा. सीओईची मुदत ३ महिन्यांची असते, त्यामुळे रेंगाळू नका. तिथे राहायला लागल्यावर १४ दिवसांच्या आत स्थानिक पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. तो पत्ता यजमानांचा असल्याने त्यांनाच सोबत यायची विनंती करा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घाला. मग उपचारांच्या खर्चातले साधारण ३० टक्केच आपल्याला भरावे लागतात. अर्धवेळ नोकरी करायची तर वेगळी परवानगी काढावी लागते आणि शाळा चालू असताना आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही.

२. जेवणाचं पत्र

निघण्यापूर्वी महिनाभर आधी शाळेमार्फत यजमानांना पत्र पाठवा. त्यात नुसतं ‘मी शाकाहारी आहे’ एवढंच लिहिलंत तर ते न लिहिल्यासारखंच आहे.

पहिल्या संध्याकाळी मला मिसो सूप मिळालं. वर तोफूचे तुकडे आणि पातीचा कांदा तरंगत होता. मी दोन वाट्या प्यायले, ‘ओइशी’ म्हणजे ‘छान झालंय’ असं कौतुकही केलं. चौथ्या दिवशी मदतीला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ओकासान (म्हणजे ‘आई’, घरच्या यजमानीण) उकळत्या पाण्यात तांबूस, पातळ काहीतरी मूठभर टाकत होत्या. सुताराच्या रंध्याखालून निघतात तसे ते काप. तो धुरी देऊन वाळवलेला मासा होता, कात्सुओबुशी. त्याचा अर्क म्हणजे दाशी, आणि बऱ्याचशा जपानी स्वयंपाकाचा पाया तीच. ओकासाननी मला फसवलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी सूपमध्ये मासा नव्हताच. आपल्याकडे नाही का, ‘फोडी बाजूला काढ आणि रस्सा घे’ म्हणणारे असतात?

म्हणून पत्रात एकेक गोष्ट सुटी करून लिहा: मांस नको, कोंबडी नको, हॅम नको, मासे नकोत, माशांची दाशीही नको. अंडं चालतं का, दूध चालतं का, तेही लिहा. आणि लगेच पुढे वाटही दाखवा: कोम्बु या समुद्री वनस्पतीची किंवा वाळलेल्या शिइताके मशरूमची दाशी चालेल. नुसत्या नकारांची यादी वाचून यजमानीण घाबरते. तुम्ही मालवणी घरातून जात असाल तर निम्मं काम झालेलंच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे कच्चा मासा.

३. बॅग

घरचा मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३०ची. ताजी फळं आणि ताजा कढीपत्ता घरीच ठेवा, विमानतळावर काढून घेतील. कोरडे मसाले, बाकरवडी खुशाल न्या. भेटवस्तू महागडी नको, कारण जपानी माणसाला परतभेटीचा विचार पडतो. माझ्या भेटींपेक्षा एका फोटोने जास्त काम केलं. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. तो फोटो दाखवल्यावर माझ्या मोडक्या जपानीतही तासभर गप्पा झाल्या.

४. अंघोळ

टबातलं पाणी अंग धुवायला नसतं. आधी टबाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून, केसांसकट स्वच्छ अंघोळ करायची. अंगावर फेस राहता कामा नये. मग टबात उतरून निवांत शेकायचं. घरातली सगळी माणसं एकामागून एक त्याच पाण्यात उतरतात. म्हणून बाहेर येताना बूच काढायचं नाही, पाण्यात पडलेला केस उचलायचा आणि टबावर झाकण ठेवायचं. कित्येक घरांत हेच पाणी दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनला वापरतात. मी पहिल्याच रात्री सवयीने बूच उपसलं. ओतोसानची, म्हणजे घरच्या ‘बाबां’ची, अंघोळ अजून व्हायची होती. ‘दाइजोबु, दाइजोबु’ म्हणजे ‘असू दे, असू दे’ म्हणत त्यांनी पुन्हा टब भरायला लावला आणि मी खोलीत जाऊन तोंड लपवलं. अंघोळीची वेळ सहसा रात्रीची असते. सकाळी अंघोळीशिवाय चहा घशाखाली उतरत नसेल तर आधी विचारून घ्या.

५. जाताना, येताना, बोलताना

बाहेर पडताना ‘इत्तेकिमास’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. आपण तरी ‘जाते’ कुठे म्हणतो? परत आल्यावर ‘तादाइमा’. हे दोन शब्द न चुकवता म्हटले की महिन्याभरात पाहुणेपण गळतं. रात्री बाहेर जेवणार असाल तर दुपारीच कळवा.

‘चोत्तो...’ म्हणून कुणी वाक्य अर्धवट सोडलं, तर तो नकार समजा. आपल्या ‘बघू’सारखाच. तुम्हाला खुपलेली गोष्ट मात्र पोटात ठेवू नका. थेट सांगायला जड जात असेल तर शाळेत होमस्टे पाहणाऱ्यांना सांगा. घर बदलून मागण्यातही गैर काही नाही.

६. एक दिवस तुमचा स्वयंपाक

दुसऱ्या महिन्यात वरणभात करून घाला. फोडणीआधी एक्झॉस्ट फॅन लावा आणि आतलं दार ओढून घ्या, नाहीतर मोहरीचा वास त्यांच्या पडद्यांत आठवडाभर राहतो. भाकरीचा बेत असेल तर आणखी एक गोष्ट. तिथल्या गॅसच्या शेगडीला तापमान ओळखणारा सेन्सर असतो. कोरडा तवा फार तापला की ती आपोआप आच कमी करते. मला वाटलं, मी शेगडी मोडली. ओकासाननी येऊन एक बटण तीन सेकंद दाबून धरलं, आच पुन्हा मोठी झाली. तुमच्या यजमानांच्या शेगडीला असं बटण आहे का, ते पीठ मळायच्या आधी विचारा.