डॉ. टी. आओ यांचा जन्मदिवस शाळेच्या मैदानावर असा साजरा करा

२८ जानेवारी ही तारीख आम्हा पीटीच्या शिक्षकांना फार सोयीची. प्रजासत्ताक दिनासाठी मारलेली फक्की मैदानावर अजून दिसत असते, कवायतीमुळे पोरांचे पाय मोकळे झालेले असतात, आणि सोलापुरात सकाळी अजून थोडा गारवा असतो. याच दिवशी १९१८ साली तालिमेरेन आओ जन्मले. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय फुटबॉल संघाचे कप्तान होते. फोटोला हार आणि पाठ केलेलं भाषण एवढ्यावर भागवू नका. दोन तास मैदान मिळवा.

फोटो आधी दाखवायचा नाही. आधी नकाशा. माझी शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं एकत्र चालतं, पण ईशान्येकडचा माणूस पोरांनी टीव्हीतच पाहिलेला. फोटो आधी दाखवला की मागच्या बाकावरून "चायनीज हाय का बे?" ऐकू येणारच. रागावून उपयोग नाही. एका मुलीला पुढे बोलवा आणि सोलापूरवर बोट ठेवायला सांगा. तिथून कोलकाता, मग गुवाहाटी, मग नागालँड असं बोट फिरवत न्या. नागालँडमधल्या चांगकी गावी आओंचा जन्म झाला. तेव्हा तो भाग आसाममधल्या नागा हिल्समध्ये मोडायचा. नागालँड राज्य झालं १९६३ साली. मग त्याच मुलीला विचारा, आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस कुठे गेले होते? चीनला, १९३८ साली, हे उत्तर कोणी ना कोणी देतंच. ते खरोखर चीनला गेले, आणि हे आओ आपल्याच देशातले, तेही डॉक्टर. एवढं झाल्यावर फोटो काढा.

गोष्ट दहा मिनिटांत संपवा. गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात शिक्षण, तिथल्या महाराणा क्लबकडून खेळणं, मग कोलकात्याला कारमायकल मेडिकल कॉलेजात प्रवेश आणि १९४३ साली तिथल्या मोहन बागान क्लबची जर्सी. आधी फॉरवर्ड म्हणून पुढच्या फळीत खेळणारा हा उंचापुरा गडी मोहन बागानमध्ये मागे आला आणि बचाव सांभाळू लागला. १९४८चं लंडन हे स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक; उद्घाटनाच्या संचलनात आपला तिरंगा त्यांच्या हातात होता. मेडिकलचा अभ्यास तेव्हाही चालूच होता. १९५० साली एमबीबीएस झाले, नागालँडला परतले, सरकारी दवाखान्यांत काम केलं आणि पुढे राज्याच्या आरोग्य खात्याचे संचालक झाले. इंग्लंडच्या आर्सेनल क्लबने त्यांना बोलावलं होतं ही गोष्ट सांगायचा मोह होतो. सांगायचीच तर 'म्हणतात' हा शब्द लावून सांगा. अनवाणी खेळू देईनात म्हणून भारत १९५०च्या वर्ल्ड कपला गेला नाही, हे तर सांगूच नका. खर्च, सरावाला कमी वेळ, निवडीचे वाद आणि ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपला किंमत न देणं, अशी बरीच कारणं होती.

आता पाय. १९४८च्या आपल्या संघातले बहुतेक खेळाडू अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळले. पोरांना हे करून पाहायचंच असतं. पण आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानात सराटे असतात, आणि कंपाउंडलगत बाटलीची काच. म्हणून आदल्या दिवशी शेवटच्या तासाला सगळ्यांना एका रांगेत उभं करा आणि मैदान वेचत पलीकडे न्या. मग आडवी रांग करून पुन्हा एकदा. पहिल्या फेरीत निम्मं राहतं, हे गृहीत धरा. सामना सकाळीच घ्या. दुपारी मुरूम तापतो. पायाला जखम असलेलं पोर पंच होईल किंवा शिट्टी सांभाळेल. एकाने बूट घातले तर सगळ्यांनी घालायचे. आओंच्या संघासमोर बूटवाले होते हे खरं, पण शाळेत अनवाणी बोटांवर बूट पडले तर पालक तुम्हाला सोडणार नाहीत. चार नंबरचा बॉल घ्या आणि हवा जरा कमी ठेवा, अंगठ्याने दाबल्यावर किंचित आत गेला पाहिजे.

पट्टी बांधणं हा या दिवसाचा माझा सगळ्यात आवडता भाग. आओ डॉक्टर होते ही ओळ इथे हातात येते. तीन इंची क्रेप बँडेज आणा. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाने बांधायची आणि एकाने बांधून घ्यायची. पाऊल नडगीशी काटकोनात धरायला सांगा. बोटांच्या मुळापासून सुरुवात, दोन वेढे पावलाला. मग पट्टी तिरकी घोट्याकडे, घोट्याला मागून वळसा, पुन्हा तिरकी खाली. इंग्रजी आठाचा आकडा होतो. प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर यावा. शेवटचं टोक चिकटपट्टीने लावा, पिन नको. लगेच अंगठ्याचं नख दाबून सोडा: पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर पट्टी घट्ट आहे, सोडून पुन्हा बांधा. आमच्याकडची माग चालवणाऱ्यांची पोरं हे काम भराभर करतात, त्यांच्या बोटांना कापडाचा ताण कळतो.

सामन्याचा नियम एकच वेगळा ठेवा. त्या काळी आपल्याकडे मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ आणि पुढे पाच फॉरवर्ड अशी मांडणी असे. तीच लावा. दर दहा मिनिटांनी शिट्टी मारा आणि फॉरवर्डमधल्या दोघांना मागे पाठवा, बॅकना पुढे. कुरकुर होणार. गोल मारणाऱ्याला मागे जायचं नसतं, आणि आमच्या गल्लीत तर बॅक म्हणजे ज्याला कोणी घेतलं नाही तो. वाद घालू नका, शिट्टी मारा. तिसऱ्या फेरीपर्यंत मागे उभा असलेला फॉरवर्ड ओरडून पुढच्यांना जागा सांगू लागतो. त्या वेळी खेळ थांबवून दोन वाक्यं बोला: आओ पुढून मागे आले होते, त्यामुळे समोरचा फॉरवर्ड कुठे पळणार हे त्यांना कळत असणार. लगेच खेळ सुरू करा.

पेनल्टी मात्र शेवटी. ३१ जुलै १९४८ला, लंडन ऑलिंपिकमध्ये, इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सविरुद्ध आपल्याला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. फ्रान्सने आधी गोल केला, सारंगपाणी रामन यांनी सत्तराव्या मिनिटाला बरोबरी साधली, आणि सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा मारला. २-१. प्रत्येक संघाला दोन पेनल्टी द्या, पण ज्यांनी आजवर कधी मारली नाही त्यांनाच मारू द्या. चुकली की हसण्यापेक्षा जास्त आवाज "अरेरे"चा येतो. तो आल्यावरच इलफर्डचा निकाल सांगा, आधी नाही.

चारच वर्षांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ हरवलं आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले, हेही कोणीतरी विचारेल तेव्हा सांगून टाका. अनवाणी खेळणं म्हणजे मोठं शौर्य, असं पोरांच्या डोक्यात बसायला नको. उद्या पुन्हा बूट घालूनच सराव.

बक्षीस म्हणून शील्ड आणू नका. आमच्याकडे भाकरी आणि शेंगाची चटणी असते, दोन्ही संघांना सारखी. बँडेज पोरांकडूनच गुंडाळून घ्या, धुऊन वाळवून प्रथमोपचार पेटीत ठेवा. वार्षिक क्रीडा स्पर्धेला लागतात.

एखाद्या वर्षी २८ जानेवारी रविवारी आली किंवा स्नेहसंमेलनात अडकली, तर ३१ जुलै धरा. पण तेव्हा पाऊस असतो आणि चिखलात काच दिसत नाही. त्या दिवशी अनवाणी सामना नको. पट्टी बांधणं वर्गात घ्या, पेनल्टी व्हरांड्यात मऊ बॉलने, भिंतीवर खडूने गोलपोस्ट आखून.