उबुंटूवर जीसीसी सोर्सपासून कसं बिल्ड करायचं, सिस्टीमच्या कंपायलरला धक्का न लावता

उबुंटू २२.०४ वर सी प्लस प्लस २३ मधलं प्रिंट वापरायला गेलात की पहिल्याच ओळीला कंपायलर म्हणतो प्रिंट नावाचं हेडरच नाही. कोड तुमचा बरोबर असतो, पण त्या उबुंटूसोबत येणारा जीसीसी (सी आणि सी प्लस प्लसचा कंपायलर) ११ नंबरचा आहे आणि हे हेडर जीसीसी १४ मध्ये आलं, मग ते मिळणार कुठून. अशा वेळी नवीन जीसीसी स्वतः बिल्ड करून घेता येतो, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून पाळायची: नवीन कंपायलर कायम स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि सिस्टीमचा जिथे आहे तिथेच राहू द्यायचा. पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजी कीबोर्डने टाकायच्या, सगळं स्मॉल लेटर्समध्ये. होम, पाथ, सीएक्सएक्स यांसारखी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स तेवढी कॅपिटलमध्ये. डॅश, स्लॅश, बरोबरचं चिन्ह जसंच्या तसं.

आधी हे बघा की सोर्सची गरज आहे का

कॉलेजचं सी किंवा साधं सी प्लस प्लस शिकायला उबुंटूचं बिल्ड-इसेन्शियल पॅकेज पुरतं, त्यात जीसीसी, जी प्लस प्लस, मेक (बिल्डची कामं क्रमाने चालवणारं टूल) आणि सी लायब्ररीची हेडर्स सगळं येतं. उबुंटू २४.०४ असेल तर डिफॉल्ट जीसीसी १३ आहे आणि १४ नंबरही एपीटीने (उबुंटूचं पॅकेज टाकायचं टूल) सरळ मिळतो, तिथे दोन तास मशीन तापवण्यात काही अर्थ नाही. २२.०४ च्या स्वतःच्या रेपोमध्ये मात्र १२ च्या पुढे काही नाही. टूलचेन टीमचं पीपीए (उबुंटूच्या बाहेरचा जादा रेपो) लावता येतं, पण ते लावलं की सिस्टीमची सी प्लस प्लस रनटाइम लायब्ररीसुद्धा तिथूनच अपडेट होते, आणि ज्या मशीनवर रोजचं काम चालतं तिथे मला ते पटत नाही. शिवाय कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सर्व्हरवर सुडोच (ॲडमिनचे अधिकार) नसतो, तिथे होम फोल्डरमध्ये सोर्सपासून बिल्ड करणं हाच सरळ रस्ता.

तयारी

कंपायलर बिल्ड करायला आधी एक चालू कंपायलर लागतोच, म्हणून:

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल डब्ल्यूगेट बीझिप२ एक्सझेड-युटिल्स एम४

(सर्व्हरवर सुडो नसेल तर या गोष्टी बहुतेक वेळा आधीच टाकलेल्या असतात, जी प्लस प्लस आणि मेक चालतंय का एवढं बघून घ्या.) बऱ्याच ठिकाणी फ्लेक्स आणि बायसनही टाका म्हणून सांगितलेलं असतं, पण ते गिटमधून सोर्स घेतला तर लागतात, रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सची एकत्र बांधलेली फाईल) त्यांनी तयार केलेल्या फाईल्स आधीच असतात. असेंबलर आणि लिंकर हे जीसीसीचा भाग नाहीत, ते बिनयुटिल्समधून येतात, आणि ते सिस्टीमचेच वापरले तरी चालतात.

डिस्कवर निदान १० जीबी मोकळी ठेवा. फोल्डरच्या नावात कुठेही स्पेस नको, मेक तिथे हमखास अडकतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरत असाल तर सी ड्राइव्हच्या माउंटवर बिल्ड करू नका, लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये करा, कारण बिल्डमध्ये हजारो छोट्या फाईल्स लिहिल्या-वाचल्या जातात आणि त्या माउंटवरून हे सगळं फार रेंगाळतं.

सोर्स आणणं

जीएनयूच्या एफटीपी साईटवर किंवा तिच्या एखाद्या मिररवर (दुसऱ्या सर्व्हरवरची प्रत) जीसीसीचं फोल्डर उघडा, त्यात १४.२.० घ्या. हे ऑगस्ट २०२४ चं रिलीज आहे. टार एक्सझेड फाईल ९० एमबीच्या आसपास आहे. सोबत त्याच नावाची सिग अशी शेवट असलेली छोटी सही-फाईल असते, तीही उतरवा आणि जीपीजीने तपासा, विशेषतः मिररवरून घेत असाल तर. उद्या तुमचा प्रत्येक प्रोग्राम ज्यातून जाणार आहे ती ही फाईल आहे, तिच्यावर दोन मिनिटं घालवायलाच हवीत.

टार -एक्सएफ जीसीसी-१४.२.०.टार.एक्सझेड
सीडी जीसीसी-१४.२.०
./कॉन्ट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स

ही शेवटची स्क्रिप्ट जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी, आयएसएल अशा बिल्डला लागणाऱ्या लायब्ररी उतरवते, त्यांचे चेकसम तपासते आणि सोर्सच्या आतच जोडून देते, मग त्या जीसीसीबरोबरच बिल्ड होतात. या लायब्ररी हाताने एकेक बिल्ड करत बसलेले लोक मी बघितलेत आणि व्हर्जन जुळवण्यातच त्यांचा दिवस जातो, तुम्ही तसं करू नका. स्क्रिप्ट ज्या साईटवरून हे उतरवते ती कॉलेजच्या नेटवर बंद असेल तर स्क्रिप्टला लागणारे सगळे टारबॉल मोबाईलच्या नेटवरून उतरवून जीसीसीच्या सोर्स फोल्डरमध्ये ठेवा आणि स्क्रिप्ट परत चालवा, फाईल आधीच दिसली की ती पुन्हा डाउनलोडला जात नाही.

कॉन्फिगर, इथे घाई नको

बिल्ड सोर्सच्या आत करायचं नाही. शेजारी नवीन फोल्डर करून त्यात जायचं:

सीडी ..
एमकेडीर बिल्ड
सीडी बिल्ड
../जीसीसी-१४.२.०/कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/ऑप्ट/जीसीसी-१४.२ --एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब --प्रोग्राम-सफिक्स=-१४.२

प्रीफिक्स म्हणजे तयार कंपायलर कुठे बसणार ती जागा, आणि ती तुमच्या होममध्ये असल्यामुळे सुडो लागत नाही आणि सिस्टीमच्या फाईल्सना हात लागायचा प्रश्नच येत नाही. लँग्वेजेसमध्ये जेवढ्या भाषा हव्यात तेवढ्याच द्या, नाहीतर फोरट्रानसकट डिफॉल्टच्या सगळ्या बिल्ड होत बसतात आणि वेळ उगाच वाढतो. डिसेबल-मल्टिलिब म्हणजे ३२ बिटच्या लायब्ररी नकोत. हा पर्याय विसरला आणि मशीनवर ३२ बिटची हेडर्स नसली की कॉन्फिगर थांबतं आणि ३२ बिटच्या डेव्हलपमेंट लायब्ररी दिसत नाहीत अशी तक्रार करतं. सफिक्समुळे नवीन कमांडचं नाव जी++-१४.२ असं होतं, म्हणजे साधं जी++ टाकलं की जुना आणि नंबरासकट टाकलं की नवीन, घोळ व्हायला जागाच नाही.

आणखी एक एरर बऱ्याच जणांना येतो, लायब्ररी_पाथमध्ये सध्याचं फोल्डर असू नये असा. जुन्या कुठल्यातरी सेटअपने तुमच्या बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की वाचली जाणारी होममधली सेटिंगची फाईल) ते व्हेरिएबल ठेवलेलं असतं आणि त्याच्या टोकाला एक मोकळा कोलन उरलेला असतो, त्याचाच अर्थ सध्याचं फोल्डर असा धरला जातो. बिल्डपुरतं ते व्हेरिएबल अनसेट करा. बाकी काहीही अडलं तर बिल्ड फोल्डरमधली कॉन्फिग.लॉग उघडून खालून वर वाचत या.

मेक

मेक -जे४ २>&१ | टी बिल्ड.लॉग

जे पुढचा आकडा म्हणजे एका वेळी किती कामं. कोअर आठ आहेत म्हणून आठ टाकू नका, रॅम बघा. एका कामाला दीड-दोन जीबी धरा, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर चार, आणि ब्राउझर बंद. रॅम संपली की सीसी१प्लस (जीसीसीचा आतला सी प्लस प्लस कंपायलर) मारला गेला, किल्ड, असा मेसेज येऊन बिल्ड थांबतं आणि लोकांना वाटतं सोर्सच खराब आहे. सोर्सला काही झालेलं नसतं, आकडा कमी करून मेक परत चालवा, ते जिथे थांबलं तिथून पुढे जातं. डब्ल्यूएसएलला मुळात लॅपटॉपची सगळी रॅम मिळतच नाही, तिथे तर आणखी कमी ठेवा.

चार कोअरच्या लॅपटॉपवर एक-दोन तास धरा, जुन्या मशीनवर जास्त. चार्जर लावून ठेवा आणि स्लीप बंद करा.

एवढा वेळ लागतो कारण जीसीसी स्वतःला तीनदा बनवतो. पहिल्या फेरीत तुमचा जुना कंपायलर नवीन जीसीसी बनवतो, दुसऱ्या फेरीत तो नवीन स्वतःच स्वतःला बनवतो, तिसऱ्या फेरीत दुसऱ्यातून आलेला परत एकदा, आणि मग दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाईल्स एकमेकांशी जुळवून बघतो. जुळल्या म्हणजे नवीन कंपायलर स्वतःचाच एवढा मोठा कोड नीट कंपाईल करू शकतोय. याला बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि मला हा जीसीसीचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो, कारण तपासणी बाहेरून कोणी करत नाही, कंपायलर स्वतःच्याच कामावर तपासला जातो. घाई असेल तर कॉन्फिगरला --डिसेबल-बूटस्ट्रॅप देऊन एकाच फेरीत सुटता येतं, वेळ खूप वाचतो, पण जो कंपायलर वर्षभर वापरणार आहात त्याला पूर्ण फेऱ्या होऊ द्या.

एरर आला तर लॉगची शेवटची ओळ बघून काही कळणार नाही. चार कामं एकत्र चालू असतात, त्यामुळे खरा एरर बराच वर असतो आणि त्याच्याखाली बाकीच्यांची बडबड येते, बिल्ड.लॉगमध्ये एरर शब्द शोधून सगळ्यात पहिला कुठे आलाय तो बघा. आणि कॉन्फिगरचे पर्याय बदलले तर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून नव्याने सुरू करा, अर्धवट जुन्यावर नवीन चढवलं की जे एरर येतात त्यांचा काही पत्ता लागत नाही.

इन्स्टॉल आणि पाथ

मेक इन्स्टॉल-स्ट्रिप

सुडो नाही. स्ट्रिपमुळे डीबगची माहिती निघून जाते आणि जागा बरीच वाचते. मग बॅशआरसीच्या शेवटी ही ओळ:

एक्स्पोर्ट पाथ=$होम/ऑप्ट/जीसीसी-१४.२/बिन:$पाथ

टर्मिनल बंद करून उघडा आणि जी++-१४.२ --व्हर्जन चालवा. --व्हर्जनच्या जागी नुसतं -व्ही दिलंत तर कॉन्फिगरला दिलेले सगळे पर्यायही छापले जातात, सहा महिन्यांनी आपण काय दिलं होतं ते आठवायला हे फार उपयोगी.

कंपाईल झालं पण चालत नाही

इथे बहुतेक जण अडकतात म्हणून सावकाश वाचा. आयओस्ट्रीम घेतलेला साधा हॅलो वर्ल्ड नवीन कंपायलरने कंपाईल केला, काही तक्रार नाही, आणि चालवला की मेसेज येतो: जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२ सापडलं नाही. झालंय असं की प्रोग्राम बनला जीसीसी १४ च्या लायब्ररीवर, पण चालताना लोडरने (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा भाग) उचलली उबुंटूची जुनी लायब्ररी, आणि २२.०४ वर तिची मजल ३.४.३० पर्यंतच आहे. जीसीसी १३.२ पासून नुसतं आयओस्ट्रीम घेतलं तरी ३.४.३२ लागतं, म्हणून अगदी पाच ओळींचा प्रोग्रामसुद्धा पडतो.

उपाय म्हणजे प्रोग्राममध्येच लायब्ररीचा पत्ता लिहून ठेवायचा, यालाच आरपाथ म्हणतात:

जी++-१४.२ -एसटीडी=सी++२३ हॅलो.सीपीपी -डब्ल्यूएल,-आरपाथ,$होम/ऑप्ट/जीसीसी-१४.२/लिब६४ -ओ हॅलो

(डब्ल्यूएलमधला डब्ल्यू कॅपिटल.) एलडी_लायब्ररी_पाथ एक्स्पोर्ट करूनही चालतं, पण मग त्या टर्मिनलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम ही नवीन लायब्ररी आधी बघतो, मला आरपाथच बरा वाटतो. तयार फाईल दुसऱ्याच्या मशीनवर द्यायची असेल तर -स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ आणि -स्टॅटिक-लिबजीसीसी द्या, लायब्ररी फाईलच्या पोटातच जाते.

नवीन लायब्ररी उचलून यूएसआर लिबमध्ये टाका, किंवा यूएसआर बिनमधला जीसीसीच नवीनकडे वळवा, असे सल्ले नेटवर भरपूर मिळतात. कृपा करून ऐकू नका. एपीटीला यातलं काहीच माहीत नसतं, पुढच्या अपडेटला तो स्वतःच्या फाईल्स परत टाकतो आणि काय कधी बदललं हे शोधणं अशक्य होतं. डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बिल्ड करणारी सोय) बनणारी कर्नल मॉड्यूल्सही, जसं ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर, सिस्टीमच्याच कंपायलरची अपेक्षा ठेवतात.

सीमेक (प्रोजेक्टचं बिल्ड जुळवून देणारं टूल) वापरत असाल तर प्रोजेक्टचं जुनं बिल्ड फोल्डर काढा, कारण पहिल्यांदा सापडलेला कंपायलर ते लक्षात ठेवतं, आणि मग सीएक्सएक्स=जी++-१४.२ असं पुढे लावून सीमेक चालवा. व्हीएस कोडमध्ये सी प्लस प्लस एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये कंपायलर पाथला पूर्ण पत्ता दिला की लाल रेघा जातात.

सगळं चालतंय याची खात्री झाली की बिल्ड फोल्डर आणि सोर्स दोन्ही काढून टाका, कित्येक जीबी तिथेच अडकलेले असतात. जीसीसी १५ हवा झाला तर हेच सगळं नवीन प्रीफिक्स देऊन, दोन्ही शेजारी शेजारी राहतात. जीसीसीला मेक अनइन्स्टॉलचा सपोर्ट नाही, पण वेगळ्या फोल्डरमुळे त्याची गरजही नाही, १४.२ नको झाला की ते फोल्डर डिलीट करा आणि बॅशआरसीतली एक ओळ काढा, फक्त त्याआधी त्याच्या लिब६४ वर आरपाथने टेकलेले प्रोग्राम कुठले आहेत ते बघून नवीन कंपायलरने परत बनवून घ्या.