पाणी आयर्विनला किती, आणि आपल्या मळीत किती?

तरणा पाऊस, म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा, सरत आला की कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं आभाळाकडं कमी आणि मोबाईलकडं जास्त बघायला लागतात. कोयना धरण किती भरलं, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं, सांगलीच्या आयर्विन पुलाला किती. आकडे सगळ्यांच्या खिशात असतात. तरीही 2019 ला आणि परत 2021 ला गोठ्यात पाणी शिरल्यावर अंधारात दावं कापणारे कमी नव्हते. पुलावरचा आकडा आणि आपलं रान यांची गाठ आधी कुणी मारून ठेवलेली नसते, म्हणून हे होतं. ती गाठ कशी मारायची, हेच आज मुख्य सांगायचं आहे. औषधं-फवारण्यांचं नंतर बघू.

मोठे पूर कधी येतात ते आठवा. 2005 आणि 2021 चे जुलैच्या शेवटच्या आठवड्यातले, म्हणजे म्हाताऱ्या पावसातले (पुष्य नक्षत्र). 2019 चा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला, आसळकाचा (आश्लेषा नक्षत्र). तेव्हा आत्ता जे दहा-बारा दिवस हातात आहेत, ते तयारीचे शेवटचे समजा.

आकडा वाचायचा कसा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी 40 आणि धोका पातळी 45 फूट. 2019 ला आयर्विनवर पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि राजारामवर 55 च्या पुढे. हे पाठ असलं तरी एवढ्यावर भागत नाही, कारण या पातळ्या त्या पुलाच्या आणि बंधाऱ्याच्या आहेत. तुमची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, धोका पातळीच्या कितीतरी आधी बुडते.

धरणाची बातमी टीएमसीत (अब्ज घनफूट) आणि विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) येतो, तिथं बऱ्याच जणांची गाडी अडते. हिशेब सोपा आहे. 11,574 क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की 1 टीएमसी होतं. समजा 105.25 टीएमसीच्या कोयनेत 10 टीएमसी जागा शिल्लक आहे, आवक 50,000 क्युसेक आणि विसर्ग 10,000. म्हणजे 40,000 क्युसेक आत साठतंय, दिवसाला साधारण साडेतीन टीएमसी. आवक अशीच राहिली तर तीन दिवसांत धरण काठोकाठ, आणि त्यानंतर जेवढं येईल तेवढं सोडावं लागणार. विसर्ग वाढल्याची बातमी येईपर्यंत थांबायची गरजच नाही, ती तुम्ही दोन दिवस आधी स्वतः काढू शकता.

राधानगरी धरणाचं वेगळं. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात, एकेकातून 1,428 क्युसेक. कुणी अधिकारी बटण दाबत नाही, त्यामुळं “रात्री सोडायचं नव्हतं” म्हणून कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. धरण भरत आलं की दरवाजे कधीही उघडतील असं धरूनच चालायचं.

आणखी एक फसगत नेहमी होते. “धरणातून काहीच सोडलं नाही, मग भीती कसली?” धरणाच्या खालीही पाऊस पडतोच. गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीत धो-धो कोसळला की कासरी, कुंभी, तुळशी, भोगावती फुगून प्रयाग चिखलीला एक होतात आणि पंचगंगा एका रात्रीत पात्राबाहेर पडते. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, त्या खेपेस पाणी दोन दिवसांत अंगावर आलं. 2019 चं उलट होतं. चढायला वेळ घेतला आणि उतरायला त्याहून जास्त. म्हणून एका पुराच्या अनुभवावर दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

शिरोळ तालुक्याला दोन्ही आकडे लागतात. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट राहत नाही आणि पाणी मागं फुगत जातं. कोल्हापुरात पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं आणि कुरुंदवाड, औरवाड, शेडशाळला पाणी चढतच असतं. इकडच्यांनी राजाराम, आयर्विन आणि खालच्या अंगाला राजापूर बंधारा असं तिन्ही बघावं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्गही नोंदवावा. अलमट्टीमुळं आपल्याकडं फुगवटा येतो की नाही हा वाद तज्ज्ञ आणि दोन सरकारं घालत राहतील. आपल्याला रोजची आवक-जावक कळली म्हणजे झालं.

आता गाठ मारायची ती अशी. गावात 2019 आणि 2021 च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर, देवळाच्या पायरीवर, विजेच्या खांबांवर अजून सापडतात. तिथं ऑइलपेंटनं ठळक पट्टा मारा. मग जाणत्या माणसांना बसवून वहीत लिहा: आयर्विनला किती फूट असताना आपल्या ओढ्याचं पाणी मागं फिरतं, कितीला पाणंद बंद होते, कितीला मळीत शिरतं, कितीला गावाचा रस्ता तुटतो. यंदा पाणी वाढू लागलं की रोज सकाळ-संध्याकाळ वेळ घालून नोंद करा. दोन हंगामांत तुमच्या गावचं पक्कं कोष्टक तयार होतं. ते कुठल्याही ॲपात नाही. हे करताना एक जुनीच गोष्ट नव्यानं कळते, की रान बुडायच्या आधी वाट बुडते. घर कोरडं दिसतंय म्हणून माणूस निर्धास्त बसतो आणि मागच्या ओढ्यानं गाव कधीच तोडलेलं असतं.

ॲपांचा उपयोग नाही असं नाही. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ आणि हवामान खात्याचे इशारे जरूर बघा. चोवीस तासांत 115.6 मिलिमीटरच्या वर म्हणजे अति जोरदार आणि 204.4 च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस. हा इशारा घाटमाथ्याला असला तरी तो आपल्यालाच आहे असं समजायचं. पण पाटण-कऱ्हाडच्या पाहुण्याला एक फोन केला तर प्रीतिसंगमावर पाणी कुठवर आलंय हे आधी कळतं. पाणी साताऱ्यातून सांगलीत, तिथून शिरोळात आणि पुढं बेळगावात जातं. त्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नाही, निरोपालाही ती असू नये. वरच्या दोन आणि खालच्या दोन गावांचे सरपंच, पोलीस पाटील यांचे नंबर कागदावर लिहून ठेवा, मोबाईल बंद पडतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि तातडीचा 112 घरातल्या पोरांनाही माहीत असू द्या.

जनावरं आधी

पुरात माणसं घर का सोडत नाहीत, हे काठच्या कुणालाही विचारा. बोट येते, पण बोटीत म्हैस बसत नाही. गोठा भरलेला टाकून बाई-माणूस निघत नाही आणि मग शेवटच्या फेरीला गर्दी होते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, तीही अशीच भरगच्च होती. म्हणून इशारा पातळी आली की जनावरं हलवायची, धोका पातळीची वाट बघायची नाही. तोवर रस्ता चालू असतो आणि जनावर स्वतःच्या पायानं चालत जातं.

कुठं न्यायची हे आत्ताच ठरवा. माळावरच्या गावातल्या सोयऱ्याकडं, बाजार समितीच्या आवारात किंवा प्रशासन छावणी करणार असेल तिथं. एका मोठ्या जनावराला जगण्यापुरती तरी दिवसाला 5-6 किलो वाळकी वैरण लागते. आठ-दहा दिवसांचा हिशेब करून कडबा किंवा मुरघास तिकडं आधीच टाकून ठेवा. घटसर्प आणि फऱ्याची लस राहिली असेल तर याच आठवड्यात टोचून घ्या. कानातला बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या आणि त्याचा फोटो काढा, भरपाईच्या वेळी जनावर तुमचंच होतं याचा पुरावा तोच. काहीच जमलं नाही आणि पाणी दारात आलं, तर निदान दावं सोडा. मोकळं जनावर पोहून उंचावर जातं, बांधलेलं जागच्या जागी मरतं.

नदीवरच्या मोटारी, स्टार्टर, केबल काढून घेतल्या नसतील तर आज काढा. पाणी वाढल्यावर जॅकवेलकडं (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीकडं) जाऊ नका. मोटार भरून मिळते, जीव नाही.

मदत कुणाला, कशी

2019 ला महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूर कित्येक दिवस तुटलं. मदत मात्र राज्यभरातून आली, मनापासून आली. पण ट्रक जिथं डांबरी रस्ता तिथंच थांबले. नाक्यावरच्या गावात बिस्किटांचे खोके आणि जुन्या कपड्यांचे ढीग लागले, आणि आतल्या वाडीत जनावरांना पेंडेची काडी नव्हती. यात देणाऱ्याचा दोष नाही. मागणाऱ्यानं नीट मागितलं नाही.

गावानं एकच यादी करावी आणि ती रोज सकाळी बदलून तहसील कार्यालयात द्यावी: माणसं किती, त्यात बाळंतिणी आणि डायलिसिस किंवा इन्सुलिनवाले किती, जनावरं किती, कुठं आहेत, रस्ता कुठवर चालू. मागणी नेमकी लिहा. पशुखाद्य, ताडपत्री, बॅटऱ्या, क्षारसंजीवनी, सॅनिटरी पॅड, प्यायचं पाणी. जुने कपडे नकोत हेही स्पष्ट लिहा, कुणाला राग येत नाही. बाहेरून कुणी थेट मदत घेऊन आलं तर त्यांना त्या यादीवरून पुढच्या गावाकडं वळवा. आपल्याकडं दोनदा आलं आणि शेजारी एकदाही नाही, हे पुढची वीस वर्षं बोललं जातं.

आटपाडी-जतची माणसं 2019 ला टँकरचं पाणी पीत होती, त्याच जिल्ह्यात सांगली बुडाली होती. कोरडा भाग आणि पूरपट्टा यांची सोयरीक जुनी आहे, वैरणीसाठी ती आत्ताच बोलून ठेवावी.

पंचनाम्याची तयारी पुराआधी

ई-पीक पाहणी, म्हणजे ॲपवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, बहुधा ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होते आणि पूर नेमका त्याच सुमारास येतो. सातबाऱ्यावर पीक लागलेलं नसेल तर पुढं अडतं. म्हणून ॲप सुरू होताच पहिल्या दिवशी नोंद करा, आणि आत्ता उभ्या पिकाचे अक्षांश-रेखांश येतील असे फोटो काढून ठेवा. फार्मर आयडी आणि बँक खात्याशी आधार जोडणी तपासा. अनुदान मंजूर होऊन खात्यात न आल्याच्या तक्रारींत बहुतेकदा घोळ इथंच असतो.

मदतीला 33 टक्के किंवा जास्त नुकसान लागतं. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत हेक्टरी दर जिरायतीला 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये असे आहेत. रानात तीन इंचांहून जास्त गाळ किंवा वाळू बसली तर अल्प व अत्यल्प भूधारकांना ती काढायला हेक्टरी 18,000. दुभतं जनावर दगावलं तर 37,500, पण पंचनामा आणि शवविच्छेदनाचा दाखला हवा, म्हणून घाईनं पुरू नका. राज्य सरकार यावर वाढीव काही देईल का, हे त्या त्या वर्षीच्या शासन निर्णयावर. ऊस खरीप पीक विम्यात येत नाही. सोयाबीन, भात, भुईमुगाचा विमा असेल तर पुरासाठी यंदा काय अटी आहेत हे कृषी कार्यालयात आधीच विचारा, त्या वर्षावर्षाला बदलतात.

पाणी उतरल्यावर ऊस

पहिलं काम चर काढून साचलेलं पाणी बाहेर घालवणं. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल जाऊन मातीत हवा खेळू लागल्याशिवाय, रानात पाय घालू नका आणि खत तर मुळीच टाकू नका. पिवळा पडलेला ऊस बघून युरियाचं पोतं उचलायचा मोह होतो, पण मुळाला हवा नसताना ते वाया जातं.

मग पोंगा, म्हणजे शेंड्यातली कोवळ्या पानांची सुरळी, बघा. शेंडा पाण्याच्या वर राहिलेला ऊस बहुतेक सावरतो. शेंड्यावरून पाणी गेलं आणि पोंग्यात गाळ बसला तर त्याची खरी परीक्षा. लोक वरची हिरवी पानं बघून खुश होतात, ती फसवी असतात. रानात दहा ठिकाणी पोंगा हातानं ओढा. सहज उपसून आला आणि कुजका वास सुटला तर तो गेला. घट्ट असेल तर शक्य तिथं स्वच्छ पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं गाळ धुऊन काढा. जुलैची आडसाली लागण गाळाखाली दबली असेल तर तयार रोपांनी नांग्या (रिकाम्या जागा) भरा. कांड्या कमी सुटलेल्या उसाचे बहुतेक पोंगे गेले असतील तर जमिनीलगत तोडून खोडवा ठेवणं परवडतं. मोठ्या उसाला मात्र डोळे फुटून पांगशा (बाजूचे फुटवे) येतात, वजन आणि साखर दोन्ही घटत जाते. त्याचं वय बघत बसू नका. कारखान्याच्या गट कार्यालयात पूरबाधित म्हणून लेखी नोंद करा आणि तोडीच्या पहिल्या पाळीत नंबर लावून घ्या.

हळदीला कंदकूज धरते. वाफशावर कॉपर ऑक्सिक्लोराइड 10 लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम घेऊन आळवणी करतात, पण आधी तळसंदे किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात गड्डा दाखवून घ्या. तीन दिवसांपेक्षा जास्त बुडालेल्या सोयाबीनवर खर्च करू नका. ते रान हरभऱ्याला किंवा शाळूला मोकळं ठेवा.

भिजलेली मोटार थेट सुरू करायची नाही, वाळवून वायरमनकडून तपासून मगच. डबक्यातून अनवाणी फिरलात आणि ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) शंका सांगून सरकारी दवाखाना गाठा. आणि नवी पाणीपातळी पट्ट्यावर, तारीख घालून, त्याच आठवड्यात रंगवा. चिखल वाळला की ती रेघ दिसत नाही.